एकाच सुरात अडकलेला धातू : रोमन चषक ते टायटेनियम नायट्राइड

१/ लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातला एक रोमन काचचषक आहे. समोरून उजेड पडला की तो हिरवा दिसतो. आत दिवा ठेवला की माणकासारखा लाल होतो. त्याच्यावर द्राक्षवेलीत जखडलेला राजा लायकर्गस कोरलेला आहे. रंगाचे गुपित विसाव्या शतकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने उघड केले : काचेत सोन्याचांदीचे नॅनोकण होते, सुमारे ७० नॅनोमीटरचे. कारागिराला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

२/ धातूतील मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लहरीवर झोका घेतात. झोपाळ्याला आपली एक लय असते, तशीच प्रत्येक कणाचीही. ती जुळणारी तरंगलांबी तो गिळतो वा उधळतो, बाकीचा प्रकाश जवळजवळ तसाच जाऊ देतो. मायकेल फॅरेडेने १८५७ मध्ये सोन्याचा माणिकरंगी द्रव तयार करून हा रंग धातूच्या सूक्ष्म कणांमुळे येतो, असे मांडले; १९०८ मध्ये गुस्ताव मी याने त्याचे गणित दिले. या सामर्थ्यातच पुढची सगळी अडचण दडलेली होती. झोका सुरेख, पण सूर एकच.

३/ कृत्रिम द्रव्याची कल्पना मात्र कोलकात्यात आधीच अवतरली होती. १८९८ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी पीळ दिलेल्या तागाच्या जुड्या विद्युत्-लहरींच्या वाटेत ठेवल्या. उजवा पीळ ध्रुवीकरणाची दिशा एकीकडे फिरवी, डावा उलट दिशेला. ताग तोच, गुण आला तो रचनेतून. ‘मेटामटेरियल’ हा शब्द त्यानंतर शतकभराने रूढ झाला.

४/ रुंद पट्ट्याचा प्रश्न आधी युद्धाने विचारला. रडारपासून लपायचे, तर शत्रू कोणती तरंगलांबी वापरील हे कोण सांगणार? धातूसमोर पाव तरंगलांबीवर रोधक पडदा टांगणारा ‘साल्सबरी पडदा’ एकाच लांबीला चोख चाले. म्हणून जर्मनीत योहान याउमान याने पडद्यांवर पडदे रचले. पट्टा रुंदावला, जाडीही वाढली.

५/ १९६७ मध्ये व्हिक्टर व्हेसेलागो याने ऋण अपवर्तनांकाचे द्रव्य कागदावर मांडले. जॉन पेंड्री याने तारा आणि फटीदार कड्यांची रचना सुचवली. २००० मध्ये डेव्हिड स्मिथ व सहकाऱ्यांनी ती सूक्ष्मलहरींसाठी घडवली. २००६ मध्ये ‘अदृश्यतेचे वस्त्र’ गाजले. वर्तमानपत्रांतील मथळ्यांत एक गोष्ट क्वचितच आली : ते जवळजवळ एकाच वारंवारतेला चाले. ज्या अनुनादाने चमत्कार घडतो, तोच थोडे सरकताच निसटतो.

६/ २००० मध्येच कॉन्स्टँटिन रोझानोव्ह याने दाखवले की, धातूवर बसवलेल्या शोषक थराची जाडी आणि पट्ट्याची रुंदी यांना कार्यकारणभावच बांधून ठेवतो. दिलेल्या जाडीत हवे तितके रुंद शोषण मिळत नाही. पाहणाऱ्याला हा निकाल निराश करणारा वाटावा. प्रत्यक्षात त्याने किंमत नेमकी सांगितली.

७/ उत्तरे दोन वाटांनी आली. पहिली याउमानच्याच जातीची, फक्त पडदे उभे रचण्याऐवजी सूर आडवे मांडलेले. २०११ मध्ये कॅलिफोर्नियात हॅरी ॲटवॉटर यांच्या गटाने चांदीचे समलंब चौकोनी पट्टे एकमेकांत ओवले. पट्ट्याची रुंदी टोकाकडे बदलत जाते, म्हणून प्रत्येक जागा निराळ्या तरंगलांबीला साद देते. अवघ्या २६० नॅनोमीटर जाडीत ४०० ते ७०० नॅनोमीटरमधील सरासरी ७१ टक्के प्रकाश शोषला गेला.

८/ दुसरी वाट अधिक खट्याळ. प्लाझ्मोनिक्सवाले ज्याला दोष म्हणत, तो धातूतील ऊर्जाक्षय शोषकाला हवाच असतो : झोका लवकर विझतो, म्हणून पट्टा पसरतो. २०१४ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात टायटेनियम नायट्राइडचा असा शोषक घडवला गेला. ४०० ते ८०० नॅनोमीटरमध्ये त्याचे शोषण सरासरी ९५ टक्क्यांच्या आसपास होते, आणि ८०० अंश सेल्सियसच्या भट्टीतही तो टिकला. ड्रिलच्या पात्यावर जो सोनेरी मुलामा दिसतो, तो याच द्रव्याचा.