‘सिव्हिल’मधला कर्नल

१२ जानेवारी १९२४. येरवड्याच्या तुरुंगातून पुण्याच्या ससून रुग्णालयात आणलेल्या महात्मा गांधींवर अपेंडिक्सची शस्त्रक्रिया चालू होती. मध्येच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं करावं लागलं. ही हकिकत आपल्याला ठाऊक असते. मी अडखळलो तो सर्जनच्या नावापाशी: कर्नल मॅडॉक. रुग्णालय मुलकी, रोगी सत्याग्रही कैदी, आसपास लढाईचा मागमूस नाही. मग चाकू हातात घेतलेला माणूस कर्नल कसा?

याचं उत्तर शोधताना डॉक्टरांच्या सक्तीच्या लष्करभरतीची एक देशी कुळकथा हाती लागली. तिची खूण आपण रोज बोलतो त्या एका शब्दात आहे.

डॉक्टरांना सक्तीनं युद्धावर नेण्याचं ठळक उदाहरण म्हणून अमेरिकेचं नाव घेतात. कोरियाचं युद्ध पेटलं आणि १९५० मध्ये तिथं खास डॉक्टरांच्या भरतीचा कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धात सरकारी खर्चानं शिकलेल्यांना, पण पुरेशी लष्करी सेवा न केलेल्यांना, सर्वांत आधी बोलावणं गेलं. १९७३ मध्ये सक्तीची भरतीच थांबली. व्हिएतनामच्या काळात काही तरुण डॉक्टरांनी हे बंधन सरकारी संशोधन संस्थेत सेवा करून फेडलं. पुढं नोबेल मिळवणारे हॅरॉल्ड वार्मस आणि रॉबर्ट लेफ्कोविट्झ त्यांतलेच.

हिंदुस्थानात ईस्ट इंडिया कंपनीनं वेगळी रीत काढली होती. लढाई आल्यावर डॉक्टर धरायचे नाहीत, आधी सैन्यात घ्यायचे आणि मग मुलकी कामाला उसने द्यायचे. बंगालमधल्या कंपनीच्या वैद्यकीय सेवेचे १७६६ मध्येच लष्करी आणि मुलकी असे दोन भाग झाले. मुलकी भागातला डॉक्टरही मुळात सैन्याचाच, हुकूम येताच परत जाणारा. पुढं मुंबई, मद्रास आणि बंगालच्या सेवा एकत्र होऊन ‘इंडियन मेडिकल सर्व्हिस’ झाली, तरी हा करार टिकला. दोन वर्षं पलटणीत काढायची, मग जिल्ह्याला सिव्हिल सर्जन म्हणून जायचं, दवाखाना आणि बहुधा तुरुंगही सांभाळायचा. हुद्दा आणि बढती मात्र लष्करी. सरकारी भाषेत ही फळी म्हणजे युद्धासाठीचा राखीव साठा.

या साठ्यात मराठी माणसंही होती. १९०९ च्या बडोदे साहित्य संमेलनाचे अध्यक्ष कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे कवी आणि वनस्पतिशास्त्रज्ञ. बामनदास बसूंसोबत त्यांनी लिहिलेला भारतीय औषधी वनस्पतींचा ग्रंथ १९१८ मध्ये निघाला. त्याच्या मुखपृष्ठावर कीर्तिकर लेफ्टनंट कर्नल आहेत आणि बसू मेजर. झाडपाल्याच्या पुस्तकावर दोन लष्करी हुद्दे! उगम तोच, मॅडॉक यांच्या कर्नलकीचा.

आता मूळ मुद्दा. साताऱ्यात, सोलापुरात, नगरला, नाशकात आजही ‘पेशंटला सिव्हिलला नेलं’ असंच म्हणतात. हा ‘सिव्हिल’ आला कुठून? माझं म्हणणं असं की तो हुद्द्यावरून इमारतीवर उतरला. आधी सिव्हिल सर्जन, म्हणजे पलटणीबाहेर नेमलेला सर्जन, आणि मग त्याचं ते सिव्हिल हॉस्पिटल. दारावरच्या त्या शब्दाचा खरा अर्थ ‘इथला डॉक्टर सध्या लष्कराच्या कामावर नाही’ एवढाच.

याला दोन प्रतिस्पर्धी आहेत. पहिला म्हणतो, हा सिव्हिल कोर्टातलाच सिव्हिल, म्हणजे सरकारी. मराठीच ते खोडून काढते. कोर्टातल्या सिव्हिलला आपण ‘दिवाणी’ म्हणतो, कारण तिथं समोर फौजदारी उभी असते. लष्कर समोर असलं की आपला शब्द ‘मुलकी’. दिवाणी दवाखाना कुणी ऐकलाय? दुसरा सिव्हिल लाइन्सकडे बोट दाखवतो: साहेबांच्या त्या वस्तीजवळ दवाखाना, म्हणून हे नाव. पण ज्या नागपुरात सिव्हिल लाइन्स एवढी नावाजलेली, तिथले लोक ‘मेयो’ नाहीतर ‘मेडिकल’ला जातात. नागपूरला सिव्हिल सर्जन होताच, मग माझ्या मताप्रमाणे तिथंही ‘सिव्हिल’ रुजायला हवं होतं, हा आक्षेप रास्त आहे. माझं उत्तर असं, की इमारतीला मोठ्या माणसाचं नाव लागलं की ते पदाच्या नावाला मागं सारतं. पुण्यात ‘ससून’नं तेच केलं.

सांगलीचं कोडं जरा अवघड. ती संस्थानी राजधानी, तरी तिथंही ‘सिव्हिल’च. संस्थान विलीन होऊन १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, तेव्हा जिल्ह्याच्या इतर खात्यांबरोबर हे तयार नावही तिथं पोचलं असणार.

सैन्याकडून उसन्या घेतलेल्या डॉक्टरांच्या या रीतीची किंमत कुणी मोजली? १९१४ चं महायुद्ध सुरू झालं आणि मुलकी कामावरचे शेकडो अधिकारी परत बोलावले गेले. जिल्ह्यांचे दवाखाने असिस्टंट आणि सब-असिस्टंट सर्जनांनी ओढले. तरी डॉक्टर पुरेनात, म्हणून खाजगी व्यवसाय करणाऱ्या हिंदी डॉक्टरांना तात्पुरती कमिशनं दिली. मुलकी वैद्यकीय सेवा वेगळी करा, ही मागणी १८९० च्या दशकापासून काँग्रेसच्या अधिवेशनांत होत होती. राखीव साठा कमी होईल, हे सरकारचं ठरलेलं उत्तर. माझा निवाडा स्पष्ट आहे: अमेरिकेनं डॉक्टरांना काही वर्षं वेठीला धरलं, इथं जिल्ह्याजिल्ह्याची आरोग्यव्यवस्था दीडशेहून अधिक वर्षं युद्धाकडे गहाण होती.

१९४३ मध्ये लष्करी वैद्यकीय दल स्वतंत्र उभं राहिलं, १९४७ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिस संपली. मराठी राज्यकारभारानं सिव्हिल सर्जनला ‘जिल्हा शल्यचिकित्सक’ केलं. त्यात सर्जनचं भाषांतर झालं आणि सिव्हिल गळलं. लोकांनी नेमकं उलट केलं, सर्जन सोडला आणि सिव्हिल ठेवलं.

डॉक्टरला मुलकी कामावरून सैन्यात बोलावण्याचं कलम मात्र पुरतं गेलेलं नाही. केंद्रीय वैद्यकीय सेवा परीक्षेतून रेल्वेत लागणाऱ्या डॉक्टरच्या सेवाशर्तींत आजचा वाचकही ते पाहू शकतो: गरज पडल्यास किमान ४ वर्षं संरक्षण सेवेत काम करावं लागेल, नेमणुकीला १० वर्षं झाल्यावर नाही, आणि सहसा वयाच्या ४५ नंतर नाही.