प्रतिकृती स्पोर्ट्स मोटार

एखाद्या जुन्या, नामांकित स्पोर्ट्स मोटारीचे रूप घेतलेली, पण एखाद्या सामान्य गाडीचे इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल आणि ब्रेक वापरून घरी किंवा छोट्या वर्कशॉपमध्ये बांधलेली मोटार. जिचे भाग काढून घेतले जातात ती डोनर गाडी. सांगाडा, बाहेरचे कवच आणि जोडणीचे सामान एकत्र विकले जाते तो किट. मूळ मोटार परवडत नाही, हे या खटाटोपामागचे उघड कारण. फेरारीने १९६२ ते १९६४ या काळात २५० जीटीओ या मोटारी चाळिसाच्या आतच बांधल्या. त्यांतली एक २०१८ मध्ये मॉन्टेरे येथील लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली. दुसरे कारण असे, की अनेकांना मोटार चालवण्यापेक्षा ती बांधण्यात अधिक रस असतो. अर्धवट बांधून विकायला काढलेल्या किटची संख्या पाहता हा रस पुष्कळदा मध्येच आटतो, हेही खरे.

या प्रकाराचे माहेर ब्रिटन. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे नव्या मोटारीवर खरेदी कर भरावा लागे; सुट्या भागांचा संच घेऊन स्वतः जुळणी केली तर तो लागत नसे. लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये बाजारात आणलेली लोटस सेव्हन याच सवलतीवर वाढली. दारे नाहीत, टप नावापुरता, वजन पाचशे किलोच्या आसपास, चाकांचा पाया, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर, ८८ इंच. जुळणीची पुस्तिका सोबत दिली तर सवलत जाईल, म्हणून लोटसने गाडी सुटी कशी करावी याची पुस्तिका दिली आणि गिऱ्हाइकांनी ती शेवटाकडून वाचली, असा किस्सा सेव्हनचे चाहते आवडीने सांगतात. १ एप्रिल १९७३ रोजी खरेदी कर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि किटची ही सोय संपली. लोटसने सेव्हनमधून अंग काढून घेतले व तिचे हक्क कॅटरहॅम कार्सकडे गेले. कॅटरहॅमच्या कारखान्यातून ती आजही बाहेर पडते, तयार मोटार म्हणूनही आणि किट म्हणूनही.

सेव्हनच्या बाबतीत अस्सल आणि नक्कल यांतली रेघ फार पुसट आहे. पहिल्या मालिकेतल्या गाडीचा मागचा एक्सल नॅश मेट्रोपॉलिटन या छोट्या मोटारीचा होता, दुसऱ्या मालिकेत तो स्टँडर्ड कम्पॅनियनचा आला. सुरुवातीच्या पुष्कळ गाड्यांत फोर्डचे ११७२ घन सेंमी.चे साधे साइडव्हॉल्व्ह इंजिन असे. चॅपमन यांचे स्वतःचे काय, तर नळ्यांचा हलका सांगाडा आणि त्यावर ठोकलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. तेव्हा फोर्ड एस्कॉर्टचा एक्सल घालून बांधलेली नक्कल मूळ गाडीच्या रीतीला धरूनच आहे, असे म्हणावे लागते. कायद्याला मात्र हे पटत नाही. वेस्टफील्ड कंपनीने १९८० च्या दशकात प्रथम एमजी मिजेटचे भाग वापरून लोटस इलेव्हनची प्रतिकृती काढली, मग सेव्हनसारखी दिसणारी गाडी आणली. कॅटरहॅमने दावा लावला. तो आपसात मिटला आणि वेस्टफील्डला आपल्या गाडीचा आकार बदलावा लागला.

१९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांचे अवघ्या अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स मोटार कशी बांधावी हे शिकवणारे पुस्तक हेन्स प्रकाशनाने काढले. २५ मिमी. चौरस पोलादी नळी मापाने कापायची, लाकडी फळीवर आराखडा आखून त्यावर टाके घालायचे, मग पूर्ण वेल्डिंग करायचे आणि दुसऱ्या पिढीच्या एस्कॉर्टचे भाग त्यात बसवायचे, अशी कृती त्यात दिलेली आहे. या पंथातल्या गाड्यांना ‘लोकॉस्ट’ म्हणतात. अडीचशे पौंडांत गाडी पुरी झाल्याचे फारसे कोणी सांगत नाही. पण सांगाडाही विकत न घेता घरी बांधता येतो हा धीर या पुस्तकाने अनेकांना दिला. पुढे भंगारात एस्कॉर्ट मिळेनाशा झाल्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या फोर्डना स्वतःचीच किंमत आली, आणि बांधणारे फोर्ड सिएराकडे व त्यानंतर माझदा एमएक्स-५ कडे वळले.

संख्येने पाहता सर्वाधिक नकला झालेल्या मोटारींत एसी कोब्राचा क्रम वरचा आहे. तिचा वंशही सरमिसळीचा. जॉन टोजिरो यांच्या रेसिंग मोटारीवरून इंग्लंडमधील टेम्स डिटनच्या एसी कंपनीने १९५३ मध्ये एस नावाची मोटार काढली. १९६२ मध्ये टेक्ससचे कॅरोल शेल्बी यांनी तिच्यात फोर्डचे व्ही-८ इंजिन बसवले आणि कोब्रा जन्मली. इंजिन आधी २६० घन इंचांचे, मग २८९ चे आणि अखेर ४२७ चे, म्हणजे सात लिटरचे. १९६७ पर्यंत जेमतेम हजारभर गाड्या झाल्या. नकला त्याच्या कित्येक पट आहेत, त्यामुळे रस्त्यावर कोब्रा दिसली तर ती नक्कल समजून चालणेच शहाणपणाचे. ब्रिटनमध्ये डॅक्स आणि पिलग्रिम, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील फॅक्टरी फाइव्ह (स्थापना १९९५), दक्षिण आफ्रिकेत पोर्ट एलिझाबेथला बांधली जाणारी सुपरफॉर्मन्स ही त्यांतली परिचित नावे. डॅक्ससाठी जॅग्वार एक्सजे मालिकेतली गाडी मोडीत काढत. फॅक्टरी फाइव्हचा पहिला रोडस्टर फोर्ड मस्टंगवर बेतला होता. मूळ कोब्राचे अंग हाताने ठोकलेल्या अ‍ॅल्युमिनियमचे, नकलेचे बहुधा फायबरचे.

डोनर निवडताना इंजिनाच्या ताकदीकडे पाहण्याची चूक सर्रास होते. खरे पाहायचे ते चाकांचा पाया, दोन बाजूंच्या चाकांतली रुंदी आणि इंजिन कुठे बसते ही तीन मापे. पोर्श ३५६ स्पीडस्टरची (१९५४) नक्कल फोक्सवॅगन बीटलच्या तळावर होते, कारण दोन्हींत इंजिन मागे, हवेने थंड होणारे आणि एकाच घराण्यातले. पण बीटलचा पाया २,४०० मिमी. आणि स्पीडस्टरचा २,१००. म्हणून तळाचा पत्रा मधोमध सुमारे ३० सेंमी. कापून पुन्हा जोडतात; हॅण्डब्रेकच्या दोऱ्या आणि गिअरचा दांडाही तितकाच आखूड करावा लागतो. फेरारी २५० जीटीओसाठी डॅटसन २४०झेड वापरतात. तिचे लांब नाक व आखूड शेपूट सोयीचे, मात्र पाया मूळ फेरारीपेक्षा साडेनऊ सेंमी.ने तोकडा. ही उणीव नाक, दार आणि मागचे चाक यांच्या प्रमाणात उरते. जाणकार नेमका तेथेच बोट ठेवतो. इतरांना गाडी ‘काहीतरी चुकल्यासारखी’ वाटते, इतकेच.

डोनर सोडवण्याआधी ती चालवून पाहणे आवश्यक असते. कोणता गिअर अडतो, कोणते बेअरिंग वाजते, ते भाग सुटे झाल्यावर कळत नाही. वायरिंगचा गुच्छ कापून न काढता प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधून अखंड उतरवतात. इंजिन-गिअरबॉक्स मागे सरकवले की प्रोपेलर शाफ्ट लांब पडतो. तो लेथवर आखूड करून पुन्हा समतोल करून घ्यावा लागतो, नाहीतर ठराविक वेगाला सारी गाडी थरथरते. फायबरच्या कवचात एक गोष्ट नवख्यांना हटकून चकवते. पत्र्याच्या गाडीत प्रत्येक दिव्याचा अर्थ, म्हणजे विजेचा परतीचा मार्ग, बॉडीतूनच जातो. फायबरमधून वीज वाहत नाही, म्हणून दर दिव्याला अर्थची वेगळी तार ओढावी लागते. तसे न केल्यास इंडिकेटर दिला की ब्रेकचा दिवा मिणमिणतो. साच्यातून नुकतेच निघालेले फायबर काही काळ आकसत राहते. त्यावर घाईने रंग चढवला तर महिन्या-दोन महिन्यांत आतल्या मॅटचा पोत वर उमटतो. अनुभवी लोक कवच उन्हात ठेवतात आणि मगच लांबी-पट्टी करतात. दारे बसवणे हे यातले सर्वांत कंटाळवाणे काम. कोब्राचे दार बिजागरीत किंचित हलले तरी मागची फट लक्षात येण्याइतकी उघडते. नवशिक्याचे आणि मुरलेल्याचे काम या फटीवरून ओळखता येते.

वजन निम्म्यावर आल्याने ब्रेकचे गणितही बदलते. एस्कॉर्टचे पुढचे ब्रेक जड नाकासाठी बेतलेले असतात, तर सेव्हनमध्ये चालक जवळजवळ मागच्या एक्सलवरच बसतो. मागची चाके आधी अडकली तर गाडी गरकन फिरते. यासाठी पुढच्या व मागच्या ब्रेकमधले प्रमाण नव्याने जुळवतात आणि ब्रेकचा सर्व्हो बहुधा काढूनच टाकतात. पाय थोडा जास्त दाबावा लागतो, पण अंदाज नीट येतो. स्प्रिंगा डोनरच्या ठेवल्या तर गाडी खड्ड्यात दबत नाही, उडते.

कधी कधी डोनर म्हणून कारखान्याची मोटार न घेता जुनी किट कारच घेतात. ऐंशीच्या दशकातल्या ब्रिटिश किट, विशेषतः डटन कंपनीच्या फोर्डच्या भागांवर उभ्या राहिलेल्या गाड्या, दिसायला ओबडधोबड असल्याने स्वस्तात मिळत. सांगाडा वेगळा, कवच वेगळे, त्यामुळे जुने कवच उतरवून अधिक देखणे चढवणे सोपे. खरी किंमत कागदांची असते: नोंदणी झालेली, नंबर असलेली गाडी हाती आली की पहिल्या तपासणीचा वनवास टळेल अशी आशा. ती पुष्कळदा फोल ठरते, कारण सांगाड्यात कापाकाप केली की ती गाडी नव्याने तपासावी लागते. शिवाय आधीच्या मालकाचे वेल्डिंग कसे आहे हे रंगाखाली दिसत नाही. चौकोनी नळीत पाणी शिरले असेल तर ती आतून गंजते. म्हणून खालच्या नळ्यांवर हातोडीने हलके ठोकून आवाज ऐकण्याची पद्धत आहे, बद्द आवाज आला तेथे नळी गेलेली.

ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या मोटारींसाठी १९९८ पासून एकेका गाडीच्या मंजुरीची परीक्षा लागू झाली. २००९ मध्ये तिची जागा ‘आयव्हीए’ या अधिक कडक तपासणीने घेतली. बाहेरून हाताला लागणारी कोणतीही कड किमान २.५ मिमी. त्रिज्येने गोलावलेली हवी, हा तिचा कुप्रसिद्ध नियम. १०० मिमी. व्यासाचा गोळा अंगावरून फिरवतात. तो जेथे टेकतो तेथे धार चालत नाही. त्यापायी जुन्या धर्तीचे टोकदार आरसे, चाकाच्या मधोमध बसणारे कानवाले नट आणि डॅशबोर्डवरचे सुंदर स्विच तपासणीपुरते काढून ठेवले जातात किंवा रबरी पट्टीने झाकले जातात. मूळ मोटार ही परीक्षा कधीच उत्तीर्ण झाली नसती. भागांचे वय सिद्ध करता आले नाही तर गाडीला ‘क्यू’ने सुरू होणारा नंबर मिळतो, आणि हौशी मंडळी त्याला नाक मुरडतात.

अमेरिकेत २०१५ च्या कायद्याने छोट्या उत्पादकांना वर्षाला ३२५ पर्यंत तयार प्रतिकृती विकण्याची मुभा दिली, पण तिचे नियम लागू व्हायला २०२२ उजाडले. त्याआधी सुटे भाग किंवा इंजिनाविना गाडी विकणे हीच वाट होती. आकारावर हक्क कोणाचा, हा वाद वेगळाच. ‘मायामी व्हाइस’ या दूरचित्रवाणी मालिकेतली काळी फेरारी डेटोना वस्तुतः शेवरोले कॉर्व्हेटवर चढवलेले कवच होते. फेरारीने आक्षेप घेतला. १९८६ च्या भागात ती क्षेपणास्त्राने उडवली गेली आणि तिच्या जागी खरी टेस्टारोसा आली. डेटोना व टेस्टारोसाची फायबरची कवचे विकणाऱ्या एका उत्पादकाविरुद्ध १९९१ मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने फेरारीच्या बाजूने निकाल दिला. २०१९ मध्ये बोलोन्याच्या न्यायालयाने तर २५० जीटीओ ही कलाकृती असल्याचे मान्य केले.

भारतात या छंदाला फारसा वाव नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेपासून नोंदणी-पुस्तकातील तपशील वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द करून हे स्पष्ट केले. नवी गाडी रस्त्यावर आणायची तर पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून नमुन्याची मंजुरी लागते, आणि एकच गाडी बांधणाऱ्या हौशी माणसाला तो खर्च झेपत नाही. तरी कोकण किनाऱ्यावर दोन प्रयत्न झाले. गोव्यात बांधलेली सॅन स्टॉर्म ही फायबरच्या अंगाची, रेनॉच्या सुमारे १.२ लिटर इंजिनावर चालणारी दोन आसनी मोटार होती. ती कोणाची नक्कल नव्हती, पण तिची घडण किट कारच्याच कुळातली. अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या धर्तीचा रोडस्टर काढला. त्यात बसवलेले १.८ लिटरचे इसुझू इंजिन हिंदुस्तान मोटर्स आपल्या कॉन्टेसात आणि अ‍ॅम्बेसेडरमध्ये वापरत असे. कॉन्टेसापेक्षा पुष्कळ हलक्या गाडीत तेच इंजिन चांगलेच तडफदार वाटे.