नांदावयास येण्याचा दावा

डॉ. रखमाबाईंचे नाव आपल्या मंडळातील बहुतेक भगिनींच्या कानांवरून गेलेले असेल. जुन्या काळच्या एक नामांकित डॉक्टरीणबाई, एवढी त्यांची ओळख. परंतु डॉक्टर होण्यापूर्वी त्या मुंबईच्या हायकोर्टात प्रतिवादी म्हणून उभ्या होत्या, आणि ज्या जातीच्या दाव्यात त्या झगडल्या, त्या जातीचे दावे आजही आपल्या कोर्टांत दाखल होतात. ‘पंधरा दिवसांत नांदावयास यावे’ अशी वकिलाची नोटीस माहेरी येऊन थडकली, की घरातील वडील माणसांच्या तोंडचे पाणी पळते. म्हणून हा इतिहास केवळ जुनी गोष्ट नव्हे.

रखमाबाईंचा जन्म १८६४ सालचा. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी त्यांचे लग्न झाले. त्या मात्र आई व सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच राहिल्या, वाचावयास शिकल्या, आणि सासरी नांदावयास गेल्याच नाहीत. १८८४ साली दादाजींनी बायकोचा ताबा मिळावा म्हणून दावा लावला. समजण्याचे वय नसताना, आपल्या संमतीवाचून झालेले लग्न आपल्यावर बंधनकारक नाही, असे रखमाबाईंचे म्हणणे होते. बाविशीही न गाठलेल्या मुलीने भर कोर्टात असे म्हणावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

१८८५ साली न्या. पिन्हे यांनी दावा फेटाळला. जी बाई कधी नांदलीच नाही, तिने ‘परत’ नांदावयास यावे असा हुकूम कसा द्यावयाचा, हा त्यांचा साधा प्रश्न होता. इच्छेविरुद्ध तिला नवऱ्याच्या हवाली करणे त्यांना रानटीपणाचे वाटले. निकालाने एकच गदारोळ उडाला. सुधारकांनी स्वागत केले, तर सनातनी मंडळींनी धर्म बुडाल्याची ओरड केली. टिळकांसारखे पुढारीही रखमाबाईंच्या विरुद्ध बाजूस होते. १८८६ साली अपिलात हा निकाल फिरला, आणि १८८७ च्या मार्चमध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला: एक महिन्यात नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिन्यांची कैद. रखमाबाईंनी कळविले, कैद पत्करीन, पण जाणार नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. धर्माच्या नावाने ज्याची एवढी पाठराखण झाली, तो दावा मूळचा आपल्या धर्मशास्त्रातला नव्हेच. इंग्लंडातील चर्चच्या न्यायालयांतून तो इकडे आला. आणि ज्या १८८४ साली दादाजींनी दावा लावला, त्याच साली इंग्लंडने आपल्याकडे यासाठी कैद देणे बंद केले होते! पुढे १९७० च्या कायद्याने इंग्लंडने हा दावाच रद्द करून टाकला.

अखेर १८८८ साली तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकुमाची बजावणी सोडून दिली. रखमाबाई विलायतेस गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या, आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर बायकांची सेवा केली.

त्यांचा दावा मात्र मेला नाही. बायकोला कैदेत टाकण्याची तरतूद १९२३ साली गेली. १९५५ च्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा झाला, आणि त्याच्या नवव्या कलमात हा दावा कायम राहिला. त्याच वर्षी सप्टेंबरात रखमाबाई वारल्या. १९८३ साली आंध्रच्या हायकोर्टाने हे कलम घटनाबाह्य ठरविले, परंतु पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने ते उचलून धरले.

तेव्हा नोटीस आली तर काय समजावे? पहिली गोष्ट, वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. दुसरी, कोर्टाचे समन्स आले तर मात्र गप्प बसू नये, नाहीतर एकतर्फी हुकूमनामा होतो. हजर होऊन आपली कैफियत द्यावी. मारहाण, छळ, हुंड्याचा तगादा असे सबळ कारण असेल, तर ते सांगून सिद्ध करता येते. तिसरी, हुकूमनामा झाला तरी पोलीस कोणाला उचलून सासरी नेऊन घालीत नाहीत. मिळकतीवर जप्ती येऊ शकते, आणि वर्षभर एकत्र नांदणे झाले नाही तर दोघांपैकी कोणीही घटस्फोट मागू शकतो. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पोटगी चुकविण्यासाठीच पुष्कळदा हा दावा लावला जातो. परंतु असा हुकूमनामा असूनही, न जाण्यास पुरेसे कारण असेल तर पत्नीची पोटगी बुडत नाही, असे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले आहे. आणि वकिलाला द्यावयास पैसे नाहीत म्हणून अडू नये. १९८७ च्या कायद्याने स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

हा दावा बायकोही नवऱ्यावर लावू शकते, आणि मोडणारा संसार सांधावा म्हणून कित्येकींनी तो लावलाही आहे. संसार सांधला जावा असे कोणाला वाटत नाही? परंतु नांदणे हा शब्दच असा आहे, की त्यात सुख आणि राजीखुशी गृहीत आहे. हुकुमाने बाई घरात येईल, पण नांदेल कशी? रखमाबाईंनी हेच विचारले होते. शेजारच्या लेकीला अशी नोटीस आली, तर तिची पिशवी भरून देण्यापूर्वी तिला काय म्हणावयाचे आहे, ते आपण आधी ऐकून घेऊ या.