आगबोटीतील वरचा वर्ग

बालाघाटाच्या डोंगरावर वसलेल्या धारूर गावापासून समुद्र शंभर कोसांहूनही दूर आहे. गावच्या किल्ल्यात एका तलावास खारी दिंडी व दुसऱ्यास गोडी दिंडी म्हणतात. खाऱ्या पाण्याशी ह्या गावाचा नित्याचा परिचय म्हणावा तर एवढाच. तथापि मराठवाड्यातील माणसांस आगबोट अगदीच अपरिचित होती असे मात्र नव्हे. १८९७ साली बार्शीची अरुंद रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून बैलगाडीने बार्शी, तेथून कुर्डुवाडी आणि पुढे मुंबई अशी एक वाट ह्या मुलखास खुली झाली. हजला जाणारे यात्रेकरू तर १९९५ पर्यंत मुंबईच्या माझगाव गोदीतून बोटीनेच जिद्देस जात असत. घरातील विहिरीपलीकडे पाणी न पाहिलेल्या अशा मनुष्यासमोर तिकिटाच्या खिडकीशी पहिला प्रश्न येई तो हा की, वर्ग कोणता?

आगगाडीतही वर्ग असतात. परंतु आगगाडीत चुकीचा वर्ग घेतला तर एक रात्र अवघडून काढली की सुटका होते. बोटीत ती चूक आठवडे, कधी महिने भोगावी लागे. म्हणून वरच्या वर्गासाठी जादा पैसे मोजावेत की नाही, हा प्रश्न मागल्या पिढ्यांनी फार गंभीरपणे विचारात घेतला होता. तोच प्रश्न आज नव्या वेशात पुन्हा दाराशी आला आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर आंग्रिया नावाची सहलीची बोट सुरू झाली, आणि २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीच्या मोठ्या बोटीवरून गोवा व लक्षद्वीप पाहण्याची सोय झाली. आत कोंडलेली खोली, खिडकीची खोली, सज्जाची खोली आणि दालन अशा चढत्या पायऱ्या तेथे असतात, आणि प्रत्येक पायरीला दर चढतो. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत ह्यावर बराच खल होतो. त्या खलात मागचा अनुभव कोणी विचारात घेत नाही, म्हणून तो येथे मांडणे अप्रस्तुत होणार नाही.

पूर्वीच्या प्रवासाची लांबी प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला आणि मुंबई-विलायत हा प्रवास केपच्या वळशाने महिनोगणती चालत असे तो दोन-तीन आठवड्यांवर आला. अमेरिकेची वाट मात्र लांबच राहिली. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. म्हणजे जवळजवळ दोन महिने. अठरा वर्षांची मराठी मुलगी, सोबतीला नवरा नाही, परक्या बायकांची संगत, आणि बाहेर ऐन वैशाखाचा ताप. अशा प्रवासात खोलीची जागा ही चैनीची बाब नव्हे. तांबड्या समुद्रातील उन्हाळा ज्यांनी सोसला आहे, त्यांस खेळत्या हवेचे मोल निराळे सांगावयास नको. समुद्र खवळला की खालच्या मजल्यावरील गोल खिडक्या घट्ट बंद कराव्या लागत, आणि मग यंत्राचा उबारा, तेलाचा वास आणि शेजारच्या माणसास बोट लागलेली, असा सगळा मेळ जमे. वरच्या वर्गाच्या भाड्यातील निम्मे मोल ह्या बंद खिडकीचे होते असे म्हटले तरी चालेल.

ह्या उन्हावरून एक मौजेची आख्यायिका निघाली आहे. आपण आज ज्यास ‘पॉश’ म्हणतो तो शब्द म्हणे विलायत-हिंदुस्थान प्रवासातून आला. येताना बोटीची डावी बाजू व परतताना उजवी बाजू दुपारच्या उन्हापासून बचावते, म्हणून श्रीमंत लोक तशा खोल्या राखून ठेवीत, आणि त्या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळून हा शब्द बनला, असे सांगतात. गोष्ट ऐकावयास गोड आहे. पण तशी अक्षरे छापलेले एकही तिकीट पी. अँड ओ. कंपनीच्या दप्तरात आजवर सापडलेले नाही. शब्दाची व्युत्पत्ती खोटी असली तरी उन्हाची दिशा मात्र खरी आहे. एकाच वर्गातील, एकाच दराच्या दोन खोल्यांत एवढे अंतर असू शकते.

वर्गाच्या नावावर भरवसा ठेवू नये, हेही जुन्या उतारूंनी अनुभवाने ओळखले होते. १९१४ च्या जुलैत महात्मा गांधी, कस्तुरबा आणि कॅलनबाख ‘किनफॉन्स कॅसल’ बोटीच्या तिसऱ्या वर्गाने केपटाउनहून विलायतेस निघाले. हिंदुस्थानकडील बोटींच्या तिसऱ्या वर्गात धड बसावयास जागा नसे आणि स्वच्छतेचेही नाव नसे. ह्या बोटीत मात्र पुरेशी जागा व स्वच्छता मिळाल्याचे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. तिसरा वर्ग हे नाव एकच, वस्तू दोन. पुढे लंडनहून स्वदेशी परतताना पी. अँड ओ.च्या बोटीत तिसरा वर्गच नसल्यामुळे त्यांस दुसऱ्या वर्गाने यावे लागले. म्हणजे तेथे खालचा वर्ग निवडण्याची मोकळीकसुद्धा नव्हती.

विलायतेचा तो प्रवास गोपाळ कृष्ण गोखले यांना भेटण्यासाठी होता. आणि गोखल्यांच्या वाट्यास दोन वर्षांपूर्वी आलेला प्रसंग तर ह्या सगळ्या विषयाचा गाभा आहे. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांची स्थिती पाहण्यास ते इंग्लंडहून निघाले. प्रकृती तोळामासा, मधुमेहाने शरीर पोखरलेले; पहिल्या वर्गाचे तिकीट ही त्यांची चैन नव्हती, गरज होती. युनियन कॅसल कंपनीच्या कचेरीत त्यांस सांगण्यात आले की, कोणी गोरा उतारू तुमच्यासोबत एका खोलीत राहावयाचा नाही; सबब तुम्ही सबंध खोली घ्या आणि तिचे जादा भाडे द्या. वास्तविक पाहता आजारी माणसास एकट्याची खोली मिळणे केव्हाही इष्टच. दुसरा कोणी असता तर पैसे भरून मोकळा झाला असता, आणि वर स्वतंत्र खोली मिळाल्याचे समाधान मानले असते. गोखल्यांनी तसे केले नाही. सोय हवी म्हणून जादा पैसे देणे वेगळे, आणि कातड्याच्या रंगाचा दंड म्हणून देणे वेगळे, हा भेद त्या गणिताच्या जुन्या प्राध्यापकास स्पष्ट दिसत होता. त्यांनी तक्रार केली, प्रकरण वरपर्यंत गेले आणि अखेर कंपनीस नमते घ्यावे लागले. २२ ऑक्टोबर १९१२ रोजी ‘सॅक्सन’ बोटीने ते केपटाउनला उतरले. दर तोच, खोली तीच, परंतु ती कशासाठी घेतली जाते यावर तिचे मोल ठरते, हे ह्या एका प्रसंगात जितके उघड होते तितके अन्यत्र क्वचितच.

पुढे काळ पालटला. पी. अँड ओ.ची ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ ही बोट १९२९ साली समुद्रावर आली. तिच्या पहिल्या वर्गात प्रत्येक उतारूस स्वतंत्र खोली होती, तेव्हा कोणासोबत कोण राहणार हा प्रश्नच तेथे मिटला. ४ ऑक्टोबर १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून निघाले ते ह्याच बोटीने. आज सहलीच्या बोटींवर खोलीचा दर बहुधा दोघांस धरून आकारतात, आणि एकट्याने जाणाऱ्यास जवळजवळ दोघांचे भाडे पडते. त्यात रंगभेद नाही, हिशेब आहे. तरी एकट्या विधवेस किंवा विधुरास तो हिशेब बोचतोच.

पैशाने सुरक्षितता विकत घेता येते काय, हा ह्यापुढचा प्रश्न. १९१२ च्याच एप्रिलात ‘टायटॅनिक’ बुडाली. तिच्या पहिल्या वर्गातील उतारूंपैकी शेकडा सुमारे ६२ वाचले, तिसऱ्या वर्गातील शेकडा सुमारे २५. होड्या वरच्या डेकवर होत्या आणि खालच्या लोकांस तेथवर पोहोचण्याची वाट लांबची व अनोळखी होती. हे आकडे वाचून वरचा वर्ग घ्यावा असे कोणास वाटल्यास नवल नाही. परंतु त्या बोटीवर सर्वांस पुरतील इतक्या होड्याच नव्हत्या, हा त्यातला मूळ दोष होता. आपल्याकडील उदाहरण याहून जवळचे आहे. १७ जुलै १९४७ रोजी, अवसेच्या तोंडावर, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात थोड्याच वेळात कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. सणासाठी घरी निघालेली कुटुंबेच्या कुटुंबे त्यात होती. जे वाचले ते पोहता येत होते म्हणून, किंवा जवळपास कोळ्यांच्या होड्या होत्या म्हणून. ही बातमी मुंबईस कळेपर्यंत संध्याकाळ झाली. अशा वेळी खिशातील तिकीट कोणत्या रंगाचे आहे याला अर्थ उरत नाही. बोट केवढी, ऋतू कोणता, कमरपट्टे व होड्या किती, हे प्रश्न वर्गाच्या आधी विचारावयाचे असतात, आणि घरोघरी ते सगळ्यांत शेवटी विचारले जातात.

सामानाची गोष्टही अशीच. १९१७ साली आंबेडकर लंडनहून परतले तेव्हा त्यांची पुस्तके दुसऱ्या बोटीने येत होती; ती बोट महायुद्धात बुडवली गेली. टॉमस कुक कंपनीकडून भरपाई म्हणून मिळालेल्या सहाशे रुपयांतूनच पुढे त्यांचा बडोद्यास जाण्याचा खर्च निघाला. मऊ बिछान्याच्या आधी विम्याचा विचार करावा, असे ज्यांस पटत नसेल त्यांनी ही हकीकत आठवावी.

आता कोकणच्या बोटींकडे वळू. दाभोळ, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले, पणजी ही त्यांची बंदरे. पावसाळ्यात वाहतूक बंद असे, नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा भोंगे ऐकू येत. बहुतेक बंदरांत बोट दूर उभी राही आणि उतारूंना पडावातून शिडीपर्यंत नेत. सर्वसाधारण चाकरमान्याचा वर्ग एकच, तो म्हणजे डेक. धक्क्यावर धावत जायचे, वळकटी पसरून दोन हात जागा अडवायची, आणि ट्रंकेला टेकून शिळोप्याच्या गप्पा सुरू करायच्या. केबिनीत सावकार, अंमलदार व आजारी माणसे असत. ती त्या लहान खोलीत घामाघूम होत, आणि डेकवरचा गिरणीकामगार मोफतच्या वाऱ्यावर, चांदण्याखाली झोपे. गर्दी, ओकाऱ्या, रडणारी पोरे ह्या सगळ्यांचा त्रास होताच; तो नाकारण्यात अर्थ नाही. पण एका रात्रीचा तो मामला. १९८० नंतरच्या दशकात ह्या बोटी थांबत गेल्या, आणि १९९८ साली कोकण रेल्वे झाल्यावर त्यांची उणीव जाणवेनाशी झाली.

त्या डेकवरच्या वाऱ्याचीच आज किंमत लागली आहे, हे विलक्षण वाटते. पूर्वी उघडे आकाश गरिबाचे आणि बंद खोली श्रीमंताची. आता बंद खोली स्वस्त, आणि आकाशाचा चार हात तुकडा, म्हणजे सज्जा, महाग. ह्याचे कारण यांत्रिक आहे. थंड हवेची यंत्रे आल्यापासून पोटातील खोलीतही उकडत नाही; म्हणून जो भाग पूर्वी विकण्यालायक नव्हता तो विकता येऊ लागला. वरच्या वर्गाचा जुना मोठा आधार, खेळती हवा, तो असा निघून गेला. उरले ते दृश्य, ऐसपैस जागा आणि आदरातिथ्य.

शिवाय बोटीचा हेलकावा भाड्याकडे पाहत नाही. बोट तराजूच्या दांडीसारखी मध्याभोवती डुलते. मध्यभागी व खालच्या मजल्यावर डोलणे कमी, नाळेकडे, मागल्या टोकाशी व उंच मजल्यावर अधिक. म्हणूनच जुन्या बोटींत पहिला वर्ग मध्यभागी आणि स्वस्त वर्ग टोकांना असे. आताची महागडी दालने पुष्कळदा उंच मजल्यावर असतात. ज्यास बोट लागते त्याने त्यासाठी दुप्पट भाडे भरणे म्हणजे पैसे देऊन पोटात कालवाकालव विकत घेणे होय. भटारखान्याच्या किंवा नाचघराच्या खालची खोली, आणि खिडकीसमोर जीवरक्षक होडी टांगलेली खोली, ह्याही दरपत्रकात साळसूदपणे बसलेल्या असतात. नकाशा मागून पाहिल्यावाचून पैसे भरू नयेत.

तेव्हा धारूरच्या एखाद्या निवृत्त जोडप्याने दोन-तीन रात्रींची सहल योजिली, तर मधल्या भागातील, खालच्या मजल्यावरील साधी खोली त्यांस पुरेशी आहे. दिवसभर ती दोघे खोलीबाहेरच राहणार. आठ-दहा दिवसांचा प्रवास असेल, किंवा गुडघे दुखणारी आई सोबत असेल आणि तिला वारंवार जिने चढवणार नसतील, तर मात्र सज्जाचे पैसे वाया जात नाहीत, कारण तिच्यापुरता समुद्र म्हणजे तो सज्जाच. बाकीच्यांनी मुंबईचे दिवे मागे पडताना पाहावयाचे असतील तर संध्याकाळी वरच्या डेकवर जावे. तेथे कोणी वर्ग विचारीत नाही.