वाचायला शिकल्याच्या आठवणी : अक्षर, आवाज आणि जागा

सुरुवातीला एक प्रश्न विचारतो. तुम्ही वाचायला नेमके कधी शिकलात, ते आठवतं का? पहिलं पुस्तक कोणतं, हे बऱ्याच जणांना सांगता येतं. ते कुठे बसून वाचलं, हेही आठवतं. जिन्याखाली, पोटमाळ्यावर, दिवाणखान्यातल्या खिडकीत. पण अक्षर कळलं तो क्षण मात्र सहसा आठवत नाही. 'क' हा 'क' आहे हे आपल्याला जणू जन्मापासूनच ठाऊक होतं, असं वाटतं.

मराठीतली जुनी आत्मचरित्रं वाचताना मला याच्या उलट गोष्ट दिसली. त्यातल्या कित्येक माणसांना, आणि विशेषतः बायकांना, पहिलं अक्षर लख्ख आठवतं. कारण ते त्यांना सहज मिळालेलं नव्हतं. आज मी या आठवणींकडे इतिहासाचं साधन म्हणून पाहणार आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं : अक्षरं शिकायला फार दिवस लागत नाहीत. भांडण होतं ते वाचायला बसण्याच्या जागेसाठी.

आधी शाळा पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, पंतोजींची शाळा. कुणाच्या तरी ओसरीवर किंवा देवळात भरणारी. मुलाच्या पुढ्यात लाकडी पाटी, तिच्यावर विटेची बारीक पूड पसरलेली, आणि त्या धुळीत काडीने अक्षर गिरवायचं. धुळाक्षर हा शब्द इथला. चुकलं की हात फिरवायचा, पाटी कोरी. त्याच्या जोडीला पाढे, आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. सगळ्या मुलांनी एका सुरात घोकायचं. आवाज थांबला तर छडी.

या शाळेत पुस्तक जवळजवळ नव्हतंच. ही शाळा हिशेब आणि पत्रव्यवहार यांसाठी होती. हात बसवायचा तो मोडी लिपीवर, कारण कारकुनी मोडीत चालायची. बाळबोध, म्हणजे आपली देवनागरी, ही पोथ्यांची लिपी. म्हणजे बघा, मुलगा लिहायला एक लिपी शिकत होता आणि घरातली गोष्ट दुसऱ्याच लिपीत होती. दादोबा पांडुरंग यांचा जन्म 1814चा, पुढे ते मराठीचे व्याकरणकार झाले. त्यांच्या आत्मचरित्रात लहानपणच्या अशा शाळांचं वर्णन आहे, ते जरूर वाचा.

मग गोष्टी कुठून मिळत? कानातून. श्रावणात, चातुर्मासात पोथी लागायची. श्रीधरांचा 'हरिविजय' 1702चा, 'पांडवप्रताप' 1712चा, 'शिवलीलामृत' 1718चं. एक जण वाचणार, आळीतली माणसं ऐकणार. मुलं तिथेच, आईच्या मांडीवर पेंगत. वर्षानुवर्षं तेच ग्रंथ ऐकले की ओव्या पाठ होतात. आणि ज्याला ओवी पाठ आहे त्याच्यापुढे पोथी ठेवली, तर तो काय करेल? पाठ असलेला शब्द पानावर शोधेल. 'अरे, हे इथे असं लिहितात होय!' जे कानाला माहीत होतं तेच डोळ्याला सापडतं. शाळेने अक्षर दिलं, पण वाचनाची ओढ पोथीने दिली असं मी म्हणतो ते यामुळे.

आता छापील पुस्तकं आली. 1828 मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'बाळमित्र' आणि इसापाच्या गोष्टींची भाषांतरं छापली गेली. 'बाळमित्र'चं मूळ बेर्क्वँ या फ्रेंच लेखकाचं, मराठीत ते इंग्रजीमार्गे आलं. तेव्हापासून मराठी मुलासाठी म्हणून वेगळं पुस्तक असतं ही कल्पना रुजू लागली. पुढे 1881 मध्ये विनायक कोंडदेव ओक यांनी 'बालबोध' मासिक काढलं, 1906 मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांनी 'आनंद' सुरू केलं. पोस्टाने घरी येणारं, मुलाचं स्वतःचं मासिक! पण मुलांचं म्हणजे कोणत्या मुलांचं? आपला विषय खरा इथे सुरू होतो.

पहिलं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. जन्म 1858. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायचं ठरवलं. यावर समाजातून विरोध झाला. तेव्हा ते पत्नीला घेऊन पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात राहायला गेले. एका बाईने वाचावं यासाठी एका माणसाला गाव सोडून जंगलात घर बांधावं लागलं! पुढे त्याच लक्ष्मीबाईंनी लेकीला शिकवलं. कुटुंब तोवर तीर्थयात्रा करत फिरत होतं, घरकाम आईलाच, मग वेळ उरायची ती पहाटेची. आई उजाडण्यापूर्वी मुलीला उठवी आणि संस्कृत श्लोक म्हणून घेई. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना असे मुखोद्गत झाले. पुढे कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'सरस्वती' म्हटलं, त्याचं मूळ त्या पहाटेत आहे.

दुसरं उदाहरण पुण्याचं. 1848 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, पुढे महार-मांग मुलांसाठीही शाळा काढल्या. खुद्द जोतीरावांची शाळा लहानपणी मध्येच सुटली होती. गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या दोघांनी वडिलांचं मन वळवलं म्हणून ते परत शाळेत गेले. सावित्रीबाई तर लग्नानंतरच शिकल्या. त्यांच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे ही चौदाएक वर्षांची मुलगी. तिचा 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्यातला एक मुद्दा आपल्या विषयाच्या मुळाशी जातो. ती विचारते, वेद जर फक्त ब्राह्मणांचेच, तर आम्हाला धर्मपुस्तकच नाही असं झालं. आणि पुस्तक नाही तर आम्ही धर्मरहित ठरलो. मग आमचा धर्म कोणता, ते देवानेच सांगावं. नुकतंच वाचायला शिकलेलं पोर पुस्तकाबद्दल पहिला प्रश्न विचारतं तो हा : ते कुणाचं आहे?

तिसरं उदाहरण अधिक घरगुती आहे. रमाबाई रानडे यांचं. 1873 मध्ये लग्न झालं तेव्हा त्या 11 वर्षांच्या होत्या, अक्षरओळख नव्हती. न्यायमूर्ती रानडे तिशी ओलांडलेले, विद्वान म्हणून नावाजलेले. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे त्यांचं पुस्तक 1910चं. त्यात हा शिकण्याचा भाग आहे. नवऱ्याने शिकवायला सुरुवात केली, पुढे शिक्षिकाही ठेवली. अक्षरांना वेळ लागला नाही. वेळ लागला तो घराला. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे पटत नव्हतं. टोमणे, अबोला, टिंगल. रात्री नवरा म्हणणार वाच, दिवसा सासर म्हणणार आम्हाला हे चालणार नाही. अकरा-बारा वर्षांची पोर दोन्हींच्या मध्ये. उलट उत्तर द्यायचं नाही, आणि अभ्यासही सोडायचा नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्या सासरच्या बायकांना दुष्ट ठरवून आपण मोकळे होतो. पण त्यांच्या बाजूने विचार करा. ज्या घरात कुणाही बाईला बसून राहायची मुभा नाही, तिथे एक सून पुस्तक घेऊन बसते. तिच्या वाटचं काम कोण करणार? आणि ज्यांना हे कधी मिळालंच नाही, त्यांना रोज ते डोळ्यांसमोर दिसणार. राग पुस्तकाचा नव्हता, बसण्याचा होता. हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 1890 नंतर 'करमणूक'मधून लिहिली. तिच्यातल्या यमूलाही नवराच वाचायला शिकवतो आणि घरची माणसं आड येतात. वाचकांना ते खोटं वाटलं नाही, कारण घरोघरी तेच चाललं होतं.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट याच काळातली. शाळेचं तोंड पाहिलं नाही, शिकणं लग्नानंतरचं. त्यांची 'स्मृतिचित्रे' 1934पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. ते पुस्तक मोठ्याने वाचून पाहा. कुणीतरी समोर बसून सांगतंय असं वाटतं. पुस्तकी मराठी शिकवायला कुणी नव्हतं, त्यामुळे त्या बोलल्या तशा लिहित्या झाल्या. जी उणीव समजली गेली असती, ती मराठी गद्याची मिळकत ठरली. आणि रेव्हरंड टिळकांच्या मृत्यूनंतर त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुढे नेलं ते याच, शाळेत न गेलेल्या बाईंनी.

आता मुलाचं उदाहरण घेऊ, कारण जागेचा प्रश्न फक्त बायकांचा नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या शाळेची आठवण लिहून ठेवली आहे. वर्गात ते वेगळे, एका कोपऱ्यात गोणपाटाच्या तुकड्यावर बसत. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून ते रोज घरी न्यायचं आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचं. म्हणजे शाळेत जागा होती, पण ती बगलेत मारून आणावी लागत होती. पुढे मुंबईत, परळच्या चाळीत एकच खोली. अख्खं घर तिच्यात. वडील रामजी जागे राहून मुलाला मध्यरात्रीनंतर अभ्यासाला उठवत, कारण शांतता तेवढ्या वेळेलाच. आणि संध्याकाळी चर्नी रोडची बाग. तिथे वाचत बसणारा हा मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांच्या नजरेस पडला. त्यांनी विचारपूस केली, पुस्तकं दिली. पुढे मुलाच्या सत्काराच्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र त्याला भेट दिलं. ते पुस्तक 1898चं. 1956 मध्ये नागपूरला जे घडलं, त्या वाटेवरचं पहिलं पुस्तक हे असल्याचं बाबासाहेबांनीच नोंदवलंय. बागेत बाक नसतं तर काय, असा विचार मनात येतो.

त्याच सुमारास सार्वजनिक जागाही तयार होत होत्या. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893चं, मुंबईचं 1898चं. वाचनालय म्हटलं की आपण कपाटं मोजतो. मला त्यातली खुर्ची जास्त महत्त्वाची वाटते. घरी जागा नसलेल्याला तिथे बसता येतं.

या साऱ्यात साने गुरुजींची 'श्यामची आई' वेगळी उठून दिसते. 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली, 1935 मध्ये प्रसिद्ध झालेली. कित्येक घरांत लहानपणी आवडलेलं पहिलं पुस्तक हेच. त्याची रचना कशी आहे? प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. श्याम सांगतो, आश्रमातले मित्र ऐकतात. छापील पुस्तक पुन्हा पोथीसारखं, ऐकण्यासाठी मांडलेलं! त्यात 'मोठा होण्यासाठी चोरी' अशी एक आठवण आहे, पुस्तकासाठी पैसे चोरल्याची. पुस्तक हवं आहे पण हातात पैसा नाही, ही गोष्ट त्या पिढीतल्या किती मुलांना आपली वाटली असेल!

शेवटचं उदाहरण फलटणचं. बेबीताई कांबळे. 'जिणं आमुचं' हे त्यांचं आत्मकथन 1986 मध्ये पुस्तकरूपाने आलं. त्यांचं छोटं किराणा दुकान होतं. पुड्या बांधायला रद्दीची वर्तमानपत्रं यायची, ती त्या गल्ल्यावर बसून वाचत. वाचता वाचता लिहू लागल्या. आणि हे लिखाण त्यांनी घरच्यांपासून, नवऱ्यापासून सुमारे वीस वर्षं लपवून ठेवलं. रमाबाई रानड्यांना नवरा शिकवत होता आणि घर अडवत होतं. शंभर वर्षांनंतर बेबीताईंना अक्षर येत होतं, कायदा बाजूने होता, तरी वही लपवावी लागत होती. साक्षरतेच्या आकड्यात या दोघींपुढे सारखीच खूण पडेल. आठवणी वाचल्या नाहीत तर त्या खुणेमागचं काहीच कळणार नाही.

म्हणून मी म्हणतो, किती लोक वाचायला शिकले एवढ्यावर वाचनाचा इतिहास संपत नाही. रान, गोणपाट, बागेतलं बाक, दुकानाचा गल्ला, हीही त्याची साधनं आहेत. आणि ही साधनं दफ्तरखान्यात नाहीत, माणसांजवळ आहेत.

जाता जाता एक काम सांगतो. तुमच्या घरात सत्तरी ओलांडलेली कुणी बाई असेल, आई, आजी, आत्या, शेजारच्या काकू, तर तिला पहिलं पुस्तक कोणतं हे विचाराच. पण त्यापुढे आणखी दोन प्रश्न विचारा. ते कुठे बसून वाचलंस? आणि तेव्हा घरात कोण काय म्हणालं? उत्तर तिच्याच शब्दांत, जसंच्या तसं लिहून ठेवा. भाषा सुधारू नका. आणि ती जर म्हणाली, 'मला कुठलं बाई वाचायला मिळतंय,' तर तेही लिहून ठेवा. तोही इतिहासच आहे.