तेलही गेलं, डॉलरही गेले

मोटारीचं बॉनेट उघडलं, की मालक आणि मेकॅनिक दोघंही आत वाकून बघतात. मेकॅनिकला आत इंजिन दिसतं. मालकाला मेकॅनिकचा चेहरा दिसतो. तो चेहरा जितका लांबेल तितकं बिल लांबणार, एवढं मोटारशास्त्र मालकाला येत असतं. पत्रिका पुढ्यात ठेवून ज्योतिषी नुसतं "हं..." म्हणतो तेव्हा यजमानाच्या पोटात जो गोळा उठतो, तोच हा गोळा. फक्त इथे शनीऐवजी गिअरबॉक्स वक्री असतो.

माझ्याकडे मोटार नाही. आमची धाव स्कूटरपर्यंत. पण माझा भाचा कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असतो, आणि दर रविवारी फोनवर हवापाणी आणि त्याच्या आईचे गुडघे हे दोन विषय संपले की तो ऑइल बदलण्यावर येतो. "मामा, वीस मिनिटांचं काम म्हणून गेलो, तर त्याने सहा दुरुस्त्यांची यादी हातात दिली!" सहापैकी खऱ्या किती, हे काही त्याला ठरवता येईना. आणि हा मुलगा इंजिनिअर, बरं का! म्हणून मी या विषयाचा इतिहास वाचायला घेतला. निवृत्त माणसाने दुसऱ्याच्या मोटारीचा अभ्यास करावा. त्यात आपलं काही झिजत नाही.

हा इतिहास सुरू होतो गाडीच्या खाली. फोर्डची मॉडेल टी १९०८ साली आली, तेव्हा तिला तेल मोजायची पट्टी नव्हती. इंजिनाच्या मागच्या अंगाला, बुडाशी, एक वर आणि एक खाली अशा दोन बारक्या तोट्या होत्या. मालकाने रस्त्यावर आडवं होऊन गाडीखाली सरकायचं आणि वरची तोटी उघडायची. तेल आलं तर उत्तम. नाही आलं तर खालची उघडायची. तिच्यातूनही नाही आलं, तर आधी तेल भरायचं आणि मग पुढचं बोलायचं. कोट-टाय घालून हे करता येत नसे, आणि तेल आलं की नेमकं डोळ्यात येई. पण एक होतं. ज्याच्या कपाळावर तेल गळलंय त्याला "साहेब, तुमच्या गाडीत तेल नाही" असं सांगायची कुणाची छाती झाली नसती. फसवायचं म्हणजे आधी गिऱ्हाईक उभं राहायला हवं.

पुढे डिपस्टिक आली आणि गिऱ्हाईक उभं राहिलं. तेवढ्यावरच न थांबता ते गाडीत बसून राहायला लागलं. पंपावरचा पोऱ्या धावत यायचा, काच पुसायचा, बॉनेट उघडून तेल बघायचा, आणि हे सगळं फुकट. आपल्याकडे फुकट म्हटलं की माणूस सावध होतो. तिकडे तो खूष होत असे.

त्या काळात, म्हणजे १९२०च्या सुमारास आणि नंतरही बरीच वर्षं, पंपावर तेल सुटं मिळायचं. पिंपातून काचेच्या बाटल्यांत भरायचं आणि त्या बाटल्या पंपाशेजारी जाळीच्या खोक्यात मांडून ठेवायच्या. काच अशासाठी, की गिऱ्हाइकाला माल दिसावा. माल दिसे, पण तेलाचं कूळ काही काचेतून दिसत नाही. बाटलीवर नाव बड्या कंपनीचं आणि पोटात कुठलं तरी स्वस्त तेल, हा प्रकार इतका बोकाळला की राज्याराज्यांतून त्याविरुद्ध कायदे झाले आणि १९३०च्या दशकात कंपन्यांनी सीलबंद डबे काढले. आता डब्यावर नाव तेच आणि आत तेलही तेच. लबाडीचा एक रस्ता बंद झाला. आणि इथेच या इतिहासातली गंमत आहे. उंदराचं एक बीळ बुजवलं की तो घर सोडून जात नाही, शेजारी दुसरं खणतो.

दुसरं बीळ डिपस्टिकमध्येच निघालं. पट्टी काढायची, पुसायची, पुन्हा घालताना पूर्ण आत ढकलायची नाही. दोन बोटं बाहेर ठेवायची. साहजिकच तेल दोन बोटं कमी दिसतं. पोऱ्या ती पट्टी अदबीने खिडकीपाशी आणून दाखवतो. मालक म्हणतो, "घाल बाबा." मग पोऱ्या बॉनेटच्या आड जातो आणि एक डबा उपडा करतो. डबा आधीपासूनच रिकामा असतो! या विद्येला तिकडे 'शॉर्ट स्टिकिंग' असं नाव आहे. वाळवंटातल्या लांबच लांब रस्त्यांवर, जिथे पुढचा पंप पन्नास मैलांवर, तिथे ती विशेष फुलली. आता यातला बारकावा बघा. इंजिनात तेल गरजेपेक्षा जास्त झालं, की आतला क्रँक ते घुसळतो, तेलाला फेस येतो आणि फेसाने वंगण होत नाही. म्हणजे त्या पोऱ्याने रिकामा डबा ओतला तर गाडी वाचते आणि खरोखरीचा भरलेला डबा ओतला तर गाडीचं वाटोळं. अट्टल लबाड हा अर्धवट लबाडापेक्षा परवडतो, हे माझं जुनं मत आहे. इथे त्याला यंत्रशास्त्राचा आधार मिळाला.

मात्र हे सगळं कुणी मोजलं नव्हतं. ते मोजलं १९४१ साली. 'रीडर्स डायजेस्ट' मासिकासाठी रॉजर रीस आणि जॉन पॅट्रिक यांनी एक मोहीम आखली. चांगली ठणठणीत गाडी घ्यायची, तिच्या इग्निशन कॉइलची एक तार मुद्दाम सोडवायची, आणि गॅरेजच्या दारात जाऊन गोगलगायीचा चेहरा करायचा: "बघा हो, काय झालंय कुणास ठाऊक." देशभर फिरून अशी ३४७ गॅरेजं पाहिली. बॉनेट उघडलं की लोंबणारी तार दिसणार, ती जोडली की काम संपलं. पण ३४७पैकी २१८ गॅरेजांनी, म्हणजे शेकडा ६३ जणांनी, न लागणारी कामं काढली, न केलेल्या कामाचे पैसे लावले, न घातलेल्या भागांचं बिल केलं. तीच युक्ती त्यांनी रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांवर चालवली. तिथे शेकडा ६४ निघाले. घड्याळवाले जरा बरे, शेकडा ४९. माझ्या मते याचं कारण असं, की घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसतो आणि मोठं केलेलं पाप त्याचं त्यालाच दिसत असावं.

लोकांनी ६३चा आकडा लक्षात ठेवला. पुढे सदरलँड नावाच्या समाजशास्त्रज्ञाने प्रतिष्ठितांच्या गुन्हेगारीवर १९४९ साली ग्रंथ लिहिला, त्यातही हा आकडा गेला. मला मात्र उरलेले १२९ जण आठवतात. अनोळखी गाडी, परक्या गावचा माणूस, पुन्हा कधी दिसणार नाही. आणि तरी यांनी तार जोडली, कुणी किरकोळ पैसे घेतले, कुणी तेही घेतले नाहीत, आणि हात पुसत पुढच्या गाडीकडे गेले. त्यांच्यावर ग्रंथ नाही.

मग २१८ तसे आणि १२९ असे, हे का? माणसं जन्मतः दोन प्रकारची असतात असं म्हणून मोकळं होता येतं, पण पुढचा इतिहास वेगळं सांगतो. १९६८ पासून सिनेटर फिलिप हार्ट यांच्या उपसमितीने मोटारदुरुस्तीच्या धंद्याची जाहीर चौकशी केली. हार्ट हे मिशिगनचे, म्हणजे मोटारींच्या माहेरचेच. १९७१ साली कॅलिफोर्नियाने कायदा केला: अंदाज आधी लेखी द्या, आणि गिऱ्हाइकाने मागितले तर काढलेले जुने भाग परत करा. त्याच वर्षी युटा राज्यातल्या ऑग्डेन गावी 'जिफी ल्यूब' सुरू झालं. १९७३च्या तेलटंचाईनंतर पंपांवरचे ते धावणारे पोरे भराभर गेले, गिऱ्हाइकाने स्वतःच पेट्रोल भरायचं आलं, आणि फक्त ऑइल बदलून देणाऱ्या दुकानांची चलती झाली. गाडी खड्ड्यावर उभी करा, खाली एक माणूस, वर एक माणूस, चहा निवायच्या आत काम तयार. यात वाईट काही नाही. अडचण हिशोबात आहे. नुसतं ऑइल बदलण्यात सुटतं थोडं. नफा सुटतो तो "साहेब, एअर फिल्टर बघितलात का?" या प्रश्नात.

हा प्रश्न विचारणाऱ्याला पगार कसा मिळतो, यावर पुष्कळ अवलंबून असतं. 'सिअर्स' हे अमेरिकेतलं जुनं, नावाजलेलं घर. १९९०च्या सुमारास त्यांनी आपल्या मोटार-केंद्रांतल्या माणसांना विक्रीवर कमिशन लावलं आणि अमुक इतके ब्रेक, तमुक इतके स्प्रिंग असे कोटे ठरवून दिले. माणसं तीच, पाने तेच, पण गाड्या एकाएकी जास्त आजारी पडायला लागल्या. जून १९९२ मध्ये कॅलिफोर्निया सरकारने साध्या वेशातली गिऱ्हाइकं पाठवून जमवलेल्या पुराव्यावर कंपनीच्या ७२ केंद्रांवर आरोप ठेवले. मुद्दाम फसवल्याचं कंपनीने नाकारलं. पण कमिशन आणि कोट्यांच्या पद्धतीमुळेच चुका व्हायला वाव मिळाला, असं अध्यक्षांनी कबूल केलं आणि ते कमिशन बंद केलं. आमच्या कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला उद्या कोटा लावला, तर माझ्या स्कूटरला ब्रेकचे किती पट्टे लागतील, या विचाराने मला घाम फुटतो.

आपणही काही कमी नाही म्हणा. स्कूटरच्या जमान्यात पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावं लागे आणि ते पंपावर सुटं मिळे. तेल कसलं, किती पडलं, हे धूर निघाल्यावर कळायचं. १९८७ साली केंद्र सरकारने वंगणतेलावर नियंत्रण आणणारा आदेश काढला, तोही जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याखाली; म्हणजे वंगण एकदम डाळ-तांदळाच्या पंगतीला बसलं! आणि दिल्लीत तर सुट्या टू-टी तेलाची विक्रीच १९९८च्या अखेरीपर्यंत बंद करावी, असं सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

राहता राहिला रंग. डिपस्टिक पांढऱ्या फडक्याला पुसून "बघा, किती काळं झालंय!" म्हणणं, हा या धंद्यातला सगळ्यात जुना मंत्र. वास्तविक हल्लीच्या तेलात मळ धरून ठेवणारी द्रव्यं घातलेली असतात. काजळी इंजिनाला चिकटू नये म्हणून तेल ती स्वतःच्या अंगावर घेतं, म्हणून काळं दिसतं. घर झाडून मोलकरणीचा पदर मळला, तर तिला कुणी कामावरून काढतं का? तेल कधी बदलायचं ते गाडीबरोबरच्या पुस्तकात छापलेलं असतं. पण ते पुस्तक वाचायचं नाही, ही जगभरची रीत आहे. लोक काचेवर चिकटवलेली दुकानाची चिठ्ठी वाचतात. तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या ३,००० मैल लिहिलेलं. नव्या गाड्यांना त्याच्या दुप्पट आणि त्याहूनही जास्त चालतं. शेवटी कॅलिफोर्नियाच्या कचराव्यवस्थापन खात्यानेच मोहीम काढून सांगितलं, की बाबांनो, ३,००० मैलांची गोष्ट विसरा आणि पुस्तक उघडा. खात्याला चिंता गिऱ्हाइकाच्या खिशाची नव्हती, जुन्या तेलाची विल्हेवाट लावायची कुठे याची होती. पण खिसा वाचला हे खरं.

हे सगळं मी भाच्याला चार रविवार मिळून ऐकवलं. फोनचं बिल येत नाही म्हणून बरं. आता तो दुकानात जाण्याआधी घरीच, सपाट जागी, इंजिन थंड असताना डिपस्टिक बघतो. मैलांचा आकडा लिहून नेतो. लेखी अंदाजाशिवाय किल्ली देत नाही. यादीतलं ऑइल सोडून बाकीचं "घरी विचारून सांगतो" म्हणतो. हे वाक्य अमेरिकेतही चालतं, असं दिसतं. आणि काही बदललंच, तर कायद्यावर बोट ठेवून जुना भाग मागून घेतो.

परवा त्याच्या बायकोचा फोन आला. गॅरेजमधल्या फळीवर तीन एअर फिल्टर, एक पट्टा आणि वायपरचे दोन जोड तारखा घालून मांडून ठेवलेत म्हणाली, आणि तिच्या लोणच्याच्या बरण्यांना जागा नाही. मी भाच्याला विचारलं, "अरे, त्याचं करतोस काय?"

"काही नाही मामा. पण आता तो दुकानदार मला बघितलं की नुसतं ऑइलच बदलतो."