वाऱ्यावरची कीड

१८६८ साली कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे, ऑस्ट्रेलियातून आणलेल्या बाभूळकुळातील झाडांवर कापसासारखी दिसणारी एक पांढरी खवले कीड आढळली. कीडही बहुधा त्या झाडांबरोबरच आली होती. पुढे वीस वर्षांच्या आत तेथील संत्र्यांचा धंदाच बुडतो की काय, अशी वेळ तिने आणली.

या किडीची मादी पंखहीन. फांदीला चिकटून ती रस शोषते, जागची फारशी हलत नाही, आणि मेणचट पिशवीत शेकड्यांनी अंडी घालते. मग तिने एवढा मुलूख व्यापला तरी कसा? अंड्यातून निघालेले तांबूस पिलू मिलिमीटरभरही नसते. वाऱ्याची झुळूक त्याला सहज उचलून नेते. बहुतेक पिले वाटेतच मरतात. परंतु जेथे बागेला बाग लागून असते, तेथे काही तरी नेमकी संत्र्याच्याच फांदीवर उतरतात. वारा पूर्वीही वाहत होता; सलग बागा मात्र माणसाने लावल्या होत्या.

बागाईतदारांनी साबणाचे पाणी फवारले, रॉकेल वापरले, झाडांवर तंबू ठोकून विषारी वायू सोडला. कित्येकांनी झाडे तोडून जाळली. परंतु एकाची बाग स्वच्छ झाली, तरी शेजारच्या बागेतून वारा नवी पिले आणीतच असे.

अमेरिकेचे सरकारी कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यांनी निराळा विचार केला. ऑस्ट्रेलियात ही कीड उपद्रवी नाही, त्या अर्थी तिचा शत्रू तेथे असलाच पाहिजे. १८८८ मध्ये त्यांचे सहकारी अल्बर्ट कोबेले मेलबर्नच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने तिकडे गेले आणि अ‍ॅडलेड परिसरातून त्यांनी एक लहानसा लाल-काळा ढालकिडा धाडला. पहिल्या खेपांतून अवघे १२९ किडे पोचले. लॉस एंजेलिसमधील एका बागेत, तंबूने झाकलेल्या झाडावर ते सोडले गेले. १८८९ च्या एप्रिलपर्यंत ते झाड स्वच्छ झाले. वर्षअखेरीस बागाही सावरल्या.

परंतु हा धडा पुढे विस्मरणात गेला. १९४० नंतरच्या दशकात डीडीटीची फवारणी सुरू झाली. तिने ढालकिडे मारले आणि दबलेली कीड पुन्हा उसळली. फवारणी आवरून ढालकिडे पुन्हा आणावे लागले.

आपला देशही या कथेबाहेर नाही. १९२० नंतरच्या दशकाअखेरीस हीच कीड निलगिरीतील वॅटलच्या झाडांवर दिसली, आणि तेथेही हाच ढालकिडा आणण्यात आला. पुढे २००८ मध्ये कोइंबतूर परिसरात मध्य अमेरिकेकडील पपईचा पिठ्या ढेकूण आढळला. त्याचीही पिले वाऱ्यावर पसरतात. पपईबरोबरच तुती आणि कसावाचीही पिके त्याने नासविली. २०१० मध्ये पोर्टो रिकोहून सूक्ष्म परजीवी गांधीलमाश्या आणून सोडल्या, तेव्हा तो आटोक्यात आला.

वाऱ्याला आपण कुंपण घालू शकत नाही. परंतु परक्या देशाचे रोप तपासल्यावाचून बंदरातून आत येऊ न देणे, आणि शेतातील उपकारक किड्यांना विषाने न मारणे, एवढे आपल्या हाती खचित आहे.